सतराव्या वेढ्यातला निळा दोरा

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनातल्या मनात हसत वाचते. वळणावरची पांढरी साडी, मागून आलेली हाक... हे वाचून मला कधी भीती वाटली नाही. माझं काम मोजण्याचं आहे. जे मीटरवर दिसत नाही त्याबद्दल मी बोलत नाही. एरवीही फार बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी लिहायची सवय नाही. चुका झाल्या तर समजून घ्या. पण हे मराठीतच लिहायला हवं, कारण ज्यांच्याबद्दल आहे त्या मराठीच वाचतात.

गेवराई तालुक्यात, उमापूरच्या रस्त्याला एक सहकारी सूतगिरणी होती. बंद पडून बरीच वर्षं झाली. तिची मोठी शेड एका कंपनीने घेतली आणि तिथे आम्ही चुंबक बनवून तपासतो. पार्टिकल ॲक्सिलरेटरमध्ये कणांचा झोत वळवायला जे चुंबक लागतात, त्यांचे हे नमुने. केबलचे वेढे घालून कॉइल करायची, वेढ्यांमध्ये रेझिन नावाचं पातळ रसायन भरून ती दगडासारखी पक्की करायची, मग द्रवरूप हेलियममध्ये उणे दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत थंड करायची. तेवढ्या थंडीत केबल कसलाही विरोध न करता प्रचंड करंट वाहून नेते. पण एखादा वेढा केसभर जरी हलला तरी तिथे उष्णता तयार होते, केबलचा तो गुण क्षणात जातो आणि हेलियमची वाफ होऊन बाहेर फेकली जाते. याला क्वेंच म्हणतात. क्वेंच कुठल्या वेढ्यात सुरू झाला ते शोधणं, हे माझं काम.

वेढे घालायला सहा बायका होत्या, सगळ्या जुन्या गिरणीतल्या. सुताचा ताण बोटांना कळणाऱ्या. त्यांच्यात मोठ्या चतुरामावशी. गिरणी बंद पडल्यावर त्या नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायच्या. ही नोकरी लागल्यापासून कोयता माळ्यावर गेला होता. मावशींच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गिरणीच्या मशीनमध्ये गेलेलं, त्यामुळे त्यांची गाठ इतरांपेक्षा उलटी पडायची. शेकडो गाठींतून ओळखावी अशी.

गिरणीतला एक नियम या बायकांनी आमच्याकडेही आणला होता. ताण चुकल्यासारखा वाटला की तिथे निळ्या दोऱ्याची गाठ बांधायची. जो ती गाठ सोडेल, त्याने आधी तो वेढा नीट करायचा. नीट न करता गाठ सोडली, तर पुढचा सगळा दोष सोडणाऱ्याचा.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. हेलियमचे कॉम्प्रेसर थंड ठेवायला पाणी लागतं, ते टँकरने यायचं. बायका पहाटे घागरी घेऊन रांगेत उभ्या राहून कामावर यायच्या आणि आल्यावर बघायच्या तर गेटातून भरलेला टँकर आत चाललेला. हेलियमच्या टाकीला त्यांनी नाव ठेवलं होतं, रांजण. त्यांच्यातल्या गयाबाई मला म्हणायच्या, "म्याडम, तुमचा रांजण लई झ्याक. निसता धूर सोडतोय, घोटभर पाणी काई देत न्हाई!" सगळ्या हसायच्या. मी खाली बघायचे.

त्या वर्षीच्या एका कॉइलच्या सतराव्या वेढ्याला मावशींनी मशीन थांबवलं. दोरा बांधला, दाताने तोडला.

"हितं केबल बसली न्हाई सायेब. ढिली हाय."

शेडचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी ताणाचा मीटर बघितला. हिरवा. "मावशी, गोधडी शिवत नाही आहोत आपण. मीटर म्हणतोय ठीक आहे."

"मीटरला बोटं हायेत का?"

बायका फिस्सकन हसल्या. तेच सरांना लागलं असावं. उलगडून परत गुंडाळायचं म्हणजे पंधरा दिवस, आणि टँकरची परवानगी त्याआधीच संपणार होती. ते माझ्याकडे वळले. "काढ गं तो दोरा."

मी काढला. स्वतःच्या हाताने गाठ सोडली. मला वाटत होतं मावशींचं बरोबर आहे. वेढ्यावर बोट ठेवलं तेव्हा मलाही तो किंचित दबल्यासारखा लागला होता. मी काही बोलले नाही. मावशी माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तो दोरा का कोण जाणे मी माझ्या कंपासपेटीत ठेवला. उलट उत्तर दिलं म्हणून मावशींचा गेटपास त्याच संध्याकाळी बंद झाला.

पुढे कॉइल पूर्ण झाली, साच्यात बंद झाली, हवा काढून रेझिन भरलं, भट्टीत भाजली. टेस्टला पहिला क्वेंच ठरलेल्या करंटच्या निम्म्यावर. सतरावा वेढा. दुसरा, तिसरा, चौथा... दर वेळी सतरावाच. सरांनी रिपोर्ट लिहिला: 'कारण – वेढे घालणाऱ्या कामगाराचा निष्काळजीपणा.' मावशींच्या मागोमाग उरलेल्या पाच बायकांचंही काम गेलं. खाली सहीच्या जागी माझं नाव होतं. मी सही केली.

आता मुद्द्याचं.

तपासणीसाठी कॉइल कापली ती भर दुपारी. कटर चालवायला वर्कशॉपचे शेखचाचा, शेजारी मी. सतराव्या-अठराव्या वेढ्याच्या मध्ये पातं गेलं आणि चाचांनी कटर बंद केला.

"म्याडम, हे काय हाय? अन् हे कोरडं कसं?"

निळा दोरा. गाठ मारलेला. उलटी गाठ.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हवा काढून रेझिन भरतात तेव्हा ते जिथे केस जाणार नाही अशा फटीतही शिरतं. सुती दोरा तर ते पिऊनच टाकेल, काचेसारखा कडक होईल. हा दोरा मऊ होता. त्याच्याभोवती सगळीकडे रेझिन आणि त्याला एक थेंबही लागलेला नाही.

मी धावत टेबलाकडे गेले. कंपासपेटीत माझा दोरा तसाच होता, सुटलेला, गाठीच्या जागी वाकलेला. मावशींनी आधीच आत दुसरा बांधला असेल? वेढे घालणाऱ्या मशीनवर कॅमेरा असतो. मी पूर्ण रेकॉर्डिंग तीनदा बघितलं. त्यात मावशी एकच गाठ बांधतात, एक हात ती सोडतो – माझा, घड्याळासकट – आणि त्या मोकळ्या केबलवर अठरावा वेढा बसतो.

सर म्हणाले, "कचरा आहे. तपासणीच्या रिपोर्टमध्ये नको." आणि चहा मागवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली.

दोन्ही दोरे घेऊन मी मावशींच्या घरी गेले. अंगणात ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी. कोयता माळ्यावरून खाली आला होता. मी अडखळत सगळं सांगितलं. दुसरा दोरा कुठून आला असेल, विचारलं.

"म्या एकच बांधलता," मावशी म्हणाल्या. गाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला. "गाठ माझीच हाय." घाबरल्या नाहीत, नवलही केलं नाही. मग एकदम कडाडल्या, "दोरा निगाला म्हून पळत आलीस व्हय? त्या दिशी तुज्या बोटाला कळलंतं. म्या बघत होते ना तुज्या तोंडाकं! तवा कावून बोलली न्हाईस? शिकलेली पोरगी तू. आमी सहाजणी घरी बसल्यावर भुताची गोष्ट सांगाया आलीस?"

मी दोरे परत मागितले नाहीत. त्यांनीच दोन्ही माझ्या हातात कोंबले.

"एकदा नीट न करता सोडलीस. आता आदी नीट कर, मग सोड."

ट्रॅक्टर निघाला.

मी कंपनीला पत्र लिहिलं आहे. मावशींनी सांगितलं होतं, मला कळलं होतं, गाठ मी सोडली, रिपोर्ट खोटा आहे आणि त्यावरची माझी सही मी मागे घेते. रेकॉर्डिंग जोडलं आहे. उत्तर नाही. सर मला बघून न बघितल्यासारखं करतात आणि पुढच्या कॉइलसाठी पुण्याहून मुलं आणली आहेत.

तो दोरा रेझिनच्या आत कसा गेला, कोरडा कसा राहिला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त आधी हे वाचा की मी बोट ठेवलं तेव्हा मला कळलं होतं. त्यासाठी कुठलंच भूत लागत नाही.

दोरा माझ्या टेबलावर आहे. गाठ अजून तशीच आहे.