वरल्या अंगाची काकी

आमच्या काकीला डावं-उजवं कळत नव्हतं, आणि पूर्व-पश्चिमेशी तिचं काही देणंघेणंच नव्हतं. नदी येते ते वरलं अंग, नदी जाते ते खाललं अंग, बस्स! पंगतीत वाढताना पाहुण्यांना म्हणायची, ‘‘आवं, जरा खालल्या अंगाला सरकून बसा की.’’ मिरजेला डोळे दाखवायला नेलं, तर डॉक्टरांना सांगते, ‘‘वरल्या अंगाच्या डोळ्यानं दिसत न्हाई.’’ ते माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात काकीच मला विचारते, ‘‘हितं नदी कुणीकडं हाय रं?’’ हसून हसून माझी पुरेवाट झाली.

शिराळ्याच्या डोंगरातनं उतरणारी आमची नदी तशी किरकोळच. उन्हाळ्यात पोरं खेळत खेळत ओलांडतील एवढी. वर पलीकडच्या काठाला काकीचं माहेर. तिथून उसाच्या मळ्यांतनं वळसे घेत खाली अलीकडच्या काठाला आमचं गाव. पाणी तांबूस आलं की काकी म्हणायची, ‘‘दादाच्या माळावर पाऊस झाला गं बाई!’’ दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आई-बाप लवकर गेले. त्यानंच तिला वाढवलं, त्यानंच उजवलं.

काकीच्या माहेरच्या गावानं बंधारा घातला आणि सगळं बिनसलं. उन्हाळ्यात तिथं पाणी अडवायला फळ्या पडल्या की आमच्याकडं नुसती वाळू. दोन्ही गावांच्या काठ्या निघाल्या. तिकडून दादा पुढं, इकडून काका. काका घरी येऊन गरजले, ‘‘त्येंचं पाणी न्हाई, तर त्येंची माणसंबी नकोत. पुन्यांदा तिकडं जायाचं न्हाई!’’ माझे सख्खे चुलते, पण खरं सांगतो, असा राग यायचा! दादाही तसलाच हेकट. बहिणीला न्यायला आला नाही, की कधी फोनवर आला नाही. दिवाळीला गल्लीतल्या बायका माहेरी निघाल्या की काकी मागच्या दारी जाऊन बसायची. ‘‘वरलं बी माझंच, खाललं बी माझंच. शिव्या कुणाला देऊ?’’ म्हणायची. अशी वर्षं गेली.

मग एका श्रावणात काकीच्या वहिनीचा फोन आला. दादांनी अंथरूण धरलंय, तुमचं नाव घेतायत. काका खुंटीवरची टोपी काढत म्हणाले, ‘‘चल. मीबी येतो.’’ काकीनं पिशवी भरली. पण नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती. फरशी पुलावर पाणी, मोठा रस्ताही बंद. आम्ही पुलापर्यंत जाऊन हात हलवत परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी दादा गेला. भाच्यानं तिकडून व्हिडिओ कॉल लावला. काकीनं मोबाइल बाजूला सारला. ‘‘नगं. त्यात माणूस एवढंसं दिसतंय.’’

पुढं काकी फार दिवस राहिली नाही. पण मला आठवते ती सावडण्याच्या दिवशीची काकी. रक्षा नदीत सोडली, असा तिकडून फोन आला आणि ती उठून चालायलाच लागली. काका आणि मी मागोमाग. पूर ओसरत होता, तरी पाणी गढूळ होतं. ती गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. काकांनी तिचा दंड घट्ट धरला. बराच वेळ ती पाणी येतं तिकडं बघत होती. मग वाकून तिनं ओंजळ भरली, कपाळाला लावली आणि हळूच सोडून दिली.

‘‘दारावरनं चाललास व्हय रं दादा,’’ ती म्हणाली. ‘‘जेवून तरी जायाचं हुतंस.’’