शेखकाकूंचा उपास आणि माझे सात इफ

मागच्या सोमवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका तपासणी केंद्रातून फोन आला. तिथलं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. रिसेप्शनच्या दामलेबाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या चिठ्ठीने पेशंटला चक्कर आणलीये. सवड असेल तर या."

मी मूळची अमरावतीची, पण बारा वर्षं पुण्यात राहून एवढं कळतं की 'सवड असेल तर' म्हणजे आत्ता. स्कूटर काढली.

बाकावर शेखकाकू बसल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे, मधुमेह... तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायला आलेल्या. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. पण आमच्या छापील चिठ्ठीवर होतं, 'बारा तास काही खाऊ नये.' काकू बिचाऱ्या राहिल्या, आणि रांगेत कोसळता कोसळता वाचल्या.

आता त्या ग्लुकोजचं पाणी घोट घोट पीत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक उभ्या उभ्याच कळली. माझा कोड प्रत्येक तपासणीला विचारायचा, तू कोण? रक्ताची असशील तर उपाशी. त्यातली अमुक असशील तर नको. सोनोग्राफी असशील तर पाणी पिऊन ये... असे इफ, म्हणजे जर-तरच्या अटी, सात ठिकाणी.

काकूंची ही तपासणी गेल्या महिन्यात नव्याने सुरू झाली, तेव्हा मी सहा ठिकाणी बदल केला. सातवी जागा, नेमकी चिठ्ठीची, राहून गेली. तपासणी रक्ताचीच, त्यामुळे कोडने तिलाही उपाशी ठेवलं.

"सॉफ्टवेअर यायच्या आधी एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचात?" मी बाईंना विचारलं.

"मी कशाला लक्षात ठेवू?" त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत चिठ्ठ्यांचे गठ्ठे, प्रत्येक तपासणीचा वेगळा. "ज्या विभागाची तपासणी, त्याने सूचना लिहून द्यायच्या. नवी तपासणी आली की आधी चिठ्ठी आणा म्हणते, मग नाव नोंदवते. मी फक्त काढून देते."

कॉलेजात मी हेच शिकले होते हो... ऑब्जेक्टला, म्हणजे प्रोग्राममधल्या घटकाला, 'तू कोण' विचारू नका, 'तुझं काम कर' म्हणा. पेपरात मार्कही मिळाले होते. कामाच्या घाईत मात्र इफवर इफ चढवत गेले.

दोन दिवस बसून सातही जागा साफ केल्या. आता प्रत्येक तपासणीचा क्लास, म्हणजे कोडमधला तिचा स्वतंत्र भाग, आपली सूचना स्वतः सांगतो. सूचना न लिहिता नवा क्लास जोडला, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे तयारच होत नाही.

गुरुवारी शेखकाकू पुन्हा आल्या, डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली होती. चिठ्ठी निघाली, 'नेहमीप्रमाणे खाऊन यावे.' काकूंनी ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "नक्की ना बेटा?" मी मान डोलावली, पण नजर काही वर होईना.

दामलेबाईंनी ती चिठ्ठी खणातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिली. "बरोबर आहे," म्हणाल्या. "पण गठ्ठे मी टाकणार नाहीये."

नकाच टाकू, बाई.