बरोबरीच्या रेघा

“हिला घरोघरी पाठवू नकोस. कॉफीकडे ठेव.”

मॅडम हे माझ्यादेखत बोलल्या, पण माझ्याशी नाही. त्यांच्या विद्यार्थिनीशी, शलाकाशी. मी दोघींच्या मधे उभी होते, प्रश्नावल्यांची पिशवी खांद्याला लावून.

ही संशोधक मंडळी पुण्याहून कुंभकोणमला आली होती, आमच्यासारखी, मराठे राजांच्या काळापासून या तमिळ मुलखात राहून मराठी बोलणारी घरं शोधत. स्वमग्नतेचे गुण साध्यासुध्या, दवाखान्याची पायरी न चढलेल्या माणसांत किती असतात ते त्यांना बघायचं होतं. डोळ्याला डोळा देता येतो का, आवाज सोसतो का, ठरलेली गोष्ट बदलली की जीव कासावीस होतो का, असले प्रश्न. विचारायला तमिळ आणि आमची मराठी दोन्ही येणारी बाई हवी होती. मला घेतलं. लग्नानंतरचं माझं पहिलं काम.

पहिल्या दिवशी मॅडमनी भाड्याच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून शिकवलं. म्हणाल्या, “हे गुण सगळ्यांतच असतात. भाजीतल्या मिठासारखे. कुणात कमी, कुणात जास्त.”

मला रडू आलं. खरंच आलं. शाळेत मला ‘लूसु’ म्हणत, म्हणजे वेडी. मास्तर हनुवटी धरून तोंड वर करायचे, इकडे बघ म्हणायचे, नाही बघितलं की थोबाडीत. आत्याने मग युक्ती शिकवली. समोरच्या बाईच्या कुंकवाकडे बघायचं, तिला वाटतं डोळ्यांत बघतेय. कुंकू न लावणारी भेटली की माझी पंचाईत. माझ्याच लग्नात नादस्वर, म्हणजे इकडची मोठी सनई, सुरू झालं आणि मी दोन्ही कान दाबून खाली बसले. सासूबाई त्याला अपशकुन म्हणतात, अजून सोडलेलं नाही त्यांनी. आणि इथे एक शिकलेली बाई सांगत होती, सगळं जग ज्या रांगेत उभं आहे त्याच रांगेत मीही आहे.

मग नमुना म्हणून मॅडमनी स्वतःची उत्तरं मोठ्याने दिली. एका होकाराला फळ्यावर एक रेघ.

आवाजाचा त्रास होतो? “भयंकर. माझ्या केबिनमध्ये पंखा लावायची कुणाची हिंमत नाही.” सगळे हसले. अवांतर गप्पा नकोशा वाटतात? “वेळ कुणाला आहे?” पुन्हा हसले. “मीही थोडी तशीच आहे बरं का,” त्या म्हणाल्या, “म्हणून तर इथवर आले.” टाळ्या पडल्या.

“आता तू ये.”

मी गेले. सगळं खरं सांगितलं. शलाका एकीकडे कागदावर उतरवून घेत होती. फळ्यावर मॅडमच्या रेघांशेजारी माझ्या रेघा पडत गेल्या. मोजल्या, तर बरोबरीच्या.

या वेळी कोणी हसलं नाही. टाळ्या तर दूरच. मॅडमनी डस्टर घेऊन फळा पुसला आणि कॉफीचं ते वाक्य बोलल्या. वर हेही, “लोक बुजतील हिला. शिवाय बोलते कशी, जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी.” तेव्हा मात्र शलाका हसली.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तेच गुण मॅडममध्ये आले तर हुशारी, माझ्यात आले तर खोट. तिच्यासाठी पंखे बंद होतात. मी कान झाकले की घराण्याला बट्टा. तरी मी कॉफी केली. तेही सांगते, लपवत नाही. पगार हवा होता. “चहा मिळत नाही का गं तुमच्याकडे?” हे ऐकत रोज पितळी पेले विसळले.

मग मुंबईहून पाहुणे आले, मोठे प्राध्यापक. मी ट्रे घेऊन आत गेले.

“थांब जरा,” मॅडम म्हणाल्या. “सरांना तुझ्या भाषेत बोलून दाखव काहीतरी.” आणि सरांना, “बघा हं, तुमच्याकडे बघणार नाही ती.”

सर खुर्चीतून वाकले. खालून माझ्या तोंडाकडे बघितलं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं. “खरंच की,” म्हणाले.

मी ट्रे टेबलावर ठेवला.

“मॅडम, तुमच्या अन् माझ्या रेघा सारख्याच पडल्या. अगोदर तुम्ही करून दाखवा. मग मी दाखवीन.”

मॅडमचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग सरांकडे वळून गोड हसल्या. “पाहिलंत? कुठे काय बोलावं ते कळत नाही. हाही त्यातलाच गुण.”

म्हणजे गप्प राहिले तर लक्षण, बोलले तर लक्षण. माझा रागसुद्धा माझा ठेवला नाही या बाईने, त्याचीही रेघ ओढली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. ही रांग सगळ्या जगाची असेल, पण मोजणारी बाई त्या रांगेत उभी राहत नाही.

“माझी उत्तरं काढून द्या.”

“अगं, निनावी आहे सगळं. तुझं नाव कुठे आहे त्यात?”

“मोजताना निनावी. हसताना मी समोर उभी लागते.”

कधीही माघार घेता येईल, असं त्यांच्याच संमतीपत्रात होतं. तमिळमध्ये ते मीच करून दिलं होतं. शलाकाने खाली मान घालून गठ्ठ्यातून तिनेच उतरवलेला माझा कागद काढला. तो घेऊन मी निघाले. काम गेलं. घरी सासूबाई म्हणाल्या, “तोंड आवरलं असतंस तर?” कोणी पाठ थोपटली नाही.

मी तशी आहे. मॅडमना कळायच्या आधीपासून आहे. आता कुणाच्या कुंकवाकडे बघत नाही. जिथे बघावंसं वाटतं तिथे बघते.

त्याच आठवड्यात जवळच्या खेड्यांत, इन्नंबूरला, मरुदानल्लूरला आमच्या माणसांच्या घरी जाऊन आले. एवढंच सांगितलं, विचारणाऱ्याला आधी विचारा. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. म्हणोत.

पुन्हा कोणी प्रश्न घेऊन माझ्या दारात आलं, तर मी उत्तरं देईन, आणि खरीच देईन. पण आधी त्यांनी ओट्यावर बसायचं आणि माझ्यादेखत आपली उत्तरं द्यायची. रेघा मी ओढणार. कबूल नसेल, तर मी दार लावून घेणार.