ताईच्या गोळ्या

माझी ताई आमच्या भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करायची. केसपेपर काढायचे, सुया उकळायच्या, गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या. दहावी झाल्यावर आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला तिथे लावून दिलं होतं. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं ती. मी नववीत होते.

वर्षभर तिला बारीक ताप यायचा. वजन उतरलं होतं. कपडे वाळत घालताना डावा हात भरून यायचा, मग उरलेले पिळे ती माझ्याकडे द्यायची. आईला वाटायचं, कामं टाळते.

एक दिवस डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचं नवं मशीन आणलं आणि ते चालतं का बघायला ताईच्याच डाव्या हाताला पट्टा बांधला. ठोका ऐकू येईना. मशीन खराब निघालं म्हणून ते चिडले. मग त्यांनी तिचं मनगट धरलं, तर नाडीच लागेना. "बेटी, दुसरा हाथ दो," म्हणाले. उजव्या हातात प्रेशर एवढं चढलेलं, की त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि मानेला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. ताईने घरी येऊन हे हसत सांगितलं. "माझा डावा हात मेलाय म्हणे." आईने तिच्या पाठीत धपाटा घातला.

मग मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. आबा शाळेत शिपाई होते. त्यांना रजा मिळाली नाही की सोबत मी जायची. रक्त तपासलं, त्यात ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, खूप वाढलेला. नंतर मांडीतून नळी घालून, आत औषध सोडून फोटो काढले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी फोटो उजेडासमोर धरला. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी दिसत होती. तिची डाव्या हाताकडे जाणारी फांदी निमुळती होत मध्येच संपली होती. मानेतून डोक्याकडे जाणारी डावी फांदीही अरुंद झालेली.

"वाहिनीच्या भिंतीला सूज आलीय," मॅडम म्हणाल्या. "शरीर स्वतःवरच उलटतं. का उलटतं, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही." आजाराचं नाव जपानी होतं. आबांना ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही.

बाहेरच्या बाकावर भिवंडीचाच एक लूम कामगार असायचा, पायाची बोटं काळी पडलेला. एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन यायची, तिच्या पायांवर लाल-जांभळे ठिपके उठले होते. मी धीर करून मॅडमना विचारलं, त्यांनाही हेच झालंय का?

"सूजच, पण वाहिन्या वेगळ्या. त्या मुलीच्या अगदी बारीक वाहिन्या सुजल्यात, ती बहुतेक आपोआप बरी होईल. त्या काकांच्या पायातल्या सुजल्यात. बिडी सोडली तर पाय वाचेल. तुझ्या ताईच्या सगळ्यात मोठ्या."

"मग ताईचं काय?"

"स्टिरॉइडच्या गोळ्यांनी सूज आटोक्यात राहील. पण मनाने बंद करायच्या नाहीत. कमी करायच्या त्या आम्ही, हळूहळू."

गोळ्यांनी ताप गेला. ईएसआर उतरला. ताई पुन्हा दवाखान्यात जाऊ लागली. पण त्याच गोळ्यांनी तिचा चेहरा फुगत गेला. गाल वर आले, डोळे बारीक झाले, ओठांवर लव उठली. ताई दिसायला देखणी होती, आणि तिला ते माहीत होतं. आरशावर तिने टॉवेल टाकून ठेवला.

त्याच सुमारास जवळच्या दिघाशी गावचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला होता. ताई म्हणाली, आजार लपवायचा नाही, आणि चहाचा ट्रे ठेवून तिनेच सगळं सांगितलं. मुलाची आई ऐकत राहिली. निघताना दाराशी आमच्या आईला हळू म्हणाली, "बाय, पोर गुणाची हाय. पन तोंड असं सुजलेलं, लोकं काय म्हनतील? आमाला न्हाय जमायचं." ते ताईने ऐकलं. मीही ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून आई हातावर गोळ्या ठेवायची, ताई त्या तोंडात टाकल्यासारखं करायची आणि मागे येऊन माझ्या मुठीत द्यायची. मी मोरीत टाकायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "ताई, मॅडम काय म्हणाल्या होत्या?"

"दोनच महिने गं. चेहरा उतरू दे, मग घेते. तू माझी बहीण ना?"

चेहरा खरंच उतरला. तिने आरशावरचा टॉवेल काढला. आई म्हणाली, "आता बघ, कशी पहिल्यासारखी दिसतेस." आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

एका सकाळी ताई वेणी घालता घालता थांबली. कंगवा हातातून पडला. "काय झालं?" मी विचारलं. तिने तोंड उघडलं, पण शब्द येईना. उजवी बाजू लुळी पडत ती माझ्या अंगावर कलंडली.

हॉस्पिटलात मॅडमनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

"मी स्वतः देत होते, रोज," आई म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. पुढे गोळ्या चालू केल्या, वाढवल्या, पण मेंदूचा जो भाग गेला तो गेला. ताई नऊ दिवस होती. तिला बोलता येत नव्हतं. डोळे मात्र माझ्यामागे फिरायचे. ती काही विचारत होती की मला सोडवत होती, कळलं नाही.

ताई गेल्यावर विहारात तिचं पुण्यानुमोदन झालं, त्या संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं. वाटलं, मारतील. मारावं असंच वाटत होतं. ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "आईला सांगू नकोस. तिनं आपल्या हातानं दिल्यात, एवढंच तिच्याजवळ राहिलंय."

मी सांगितलं नाही. आई पुढे बरीच वर्षं जगली. कुणी विषय काढला की म्हणायची, "औषधाला एक दिवस चुकले नाही मी." आणि मी तिच्या शेजारी बसून मान हलवायची.