उठ गं महाराणी

नात जिन्यात कोसळली तेव्हा मीच तिला धरलं. अंगात काही उरलंच नव्हतं. कॉलेजात जाणारी पोर कित्येक महिने जेवण टाळत होती. रात्रभर टक्क जागी आणि दिवसभर झोपलेली. झोपलेल्या माणसाला जेवायला उठवायचं नाही, ही आमच्या लालबागच्या घरातली रीत. म्हणून तिला कुणी उठवत नव्हतं.

परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी उपचार सुरू केले. वॉर्डात एक आयाबाई होती. सगळे तिला मावशी म्हणत, त्यामुळे नाव कळलंच नाही. सकाळी आली की सर्रकन पडदा ओढायची. "उठ गं महाराणी, ऊन आलंय!"

मी भांडले. "रात्रभर जागलीय ती. झोपू दे की!"

"आजी, ती झोपत नाही, ताटापासून लपते. मग रात्री रिकामं पोट तिला झोपू देत नाही."

"मावशी, तू जा ना," नात पुटपुटली.

"जाते. आधी पेज."

आम्ही सगळे पोरीच्या घासाकडे टक लावून बघायचो. मावशी मात्र वाटी ठेवून तिच्याकडे पाठ करून बसायची आणि आपला अंबाडा सोडून पुन्हा बांधायची. चमचा वाजला तरी मान वळवायची नाही.

पोर सावरायला बरेच महिने लागले. झोप हळूहळू रात्रीकडे सरकली. त्या बाईचे उपकार मला रोज आठवतात.

आज सकाळी घरी माझाच डोळा लागला होता. नातीने पडदा ओढला. "उठ गं महाराणी, चहा-चपाती खाऊ."

पोर जगली.