शांतता न पाठवणारा फोन

किन्हवलीहून मुरबाडच्या बाजूला आत गेलं, की कित्येक पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते. तिथल्या आरोग्य उपकेंद्रांत इंटरनेटवर चालणारे फोन बसवलेत आणि ते नीट चालवणं हे माझं काम. एका उपकेंद्राच्या सिस्टरची सारखी तक्रार यायची, "दवाखान्याचा फोन येतो नि मधेच कट होतो. निदान त्या आजीसाठी तरी या."

आजीची लेक बाळंतपणानंतर शहरातल्या दवाखान्यात होती. जावई लांब वीटभट्टीवर, तान्हं बाळ आजीकडे, त्यामुळे तिला जाता येत नव्हतं. दुपारी उपकेंद्रात डॉक्टरांचा फोन यायचा, तेवढीच काय ती लेकीची खबर. तीही अर्धवट.

मी केबल बदलली, राउटर तपासला, ऑफिसात फोन लावून पाहिला. आवाज खणखणीत. मग चिडून आजीसाठी फोन येईपर्यंत तिथेच ठाण मांडलं.

फोन आला. आजीने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला. हूं नाही की चूं नाही. पलीकडून थोडं बोलणं, मग "हॅलो? हॅलो?" झालं आणि फोन बंद.

"आजी, बोलत का नाय तुमी?"

"डागदर बोलतोय, तं मधी तोंड कसा घालू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डेटा वाचावा म्हणून या फोनात एक सेटिंग असतं. माणूस गप्प असेल, तर पलीकडे काहीच पाठवायचं नाही. डॉक्टरांना वाटे, लाइन तुटली. टेस्ट करताना मी अखंड बडबडायचो, मला हे कसं सापडणार? ऐकून घेणाऱ्या माणसाचा विचारच न करणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, सेटिंग बंद केलं आणि दवाखान्यात परत फोन लावला. खात्रीसाठी स्पीकर चालू ठेवला.

डॉक्टर थांबत थांबत म्हणाले, "आजी, आम्ही खूप प्रयत्न केले. सकाळी ती गेली."

पंख्याची घरघर आणि आजीचा श्वास, एवढंच काय ते आता पलीकडे पोचत होतं. डॉक्टरांनी हॅलो म्हटलं नाही, फोनही ठेवला नाही. हे ऐकायला मी तिथे असायला नको होतो, पण उठवेना.

बऱ्याच वेळाने आजी बोलली.

"एकलीच व्हती का ती?"

"नाही आजी," डॉक्टर म्हणाले. "मी होतो."