थोरल्या घराचा सत्कार

माझ्या धाकट्या जावेचा सत्कार होणार हे कळलं तेव्हा मी तांदूळ पाखडत होते, आणि खरं सांगते, हातातलं सूप आपटावंसं वाटलं. कृषी खात्याचा सहायक फटफटीवरून आमच्या गावी, कापड्याला आला होता. ओटीवर बसून तो सासूबाईंना सांगत होता की महाडला मोठा कार्यक्रम आहे, ज्यांनी वर्षानुवर्षं औषधांचा मारा न करता भातावरची कीड आटोक्यात ठेवली त्यांचा मान करायचाय, आणि त्यात तुमचं घर आहे. तुमचं घर म्हणजे कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. सासूबाईंनी आत वळून हाक मारली ती धाकटीला.

ती लग्न होऊन आली ती नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात. त्याच पावसात गावात शेतीशाळा सुरू झाली. शाळा म्हणजे काय, तर दर आठवड्याला बांधावर उभं राहून कुठला किडा वैरी आणि कुठला मित्र ते ओळखायचं. दोघीही गेलो होतो. माझी हौस लवकर फिटली, कारण घरची गुरं आणि चूल माझ्या गळ्यात. ती मात्र गोचिडीसारखी चिकटली.

आणि मग हिचं सुरू झालं. लावणीत माझा हात गावात सगळ्यांत चपळ, हे कुणीही सांगेल. बाया पावसात ओणव्या होऊन खोळंबलेल्या, आणि ही नवी नवरी कोयता घेऊन रोपांच्या मुठींचे शेंडे छाटत बसलेली. का, तर खोडकिडीचा पतंग पानाच्या टोकाला अंडी घालतो. कापणीला भात जमिनीला टेकून कापा, धसकटात अळी राहते. कंबर कोणाची मोडायची? आमची. शेतात काठ्या रोवा, त्यावर कोतवाल पक्षी बसतो आणि पतंग खातो. तोंडाची तर अशी फटकळ की तिच्या नवऱ्याने महाडहून औषध आणलं तेव्हा चार माणसांत त्याला म्हणाली, आधी चिखलात उतरून कीड खाणारे कोळी किती आहेत ते बघा, मग पंप उचला. तो बिचारा उतरला. माझे मिस्टर असते तर पंपच फेकून मारला असता.

एका वर्षी तुडतुड्यांनी शेजारच्यांची भातं करपवली. आमचं हिरवंगार उभं. मला आनंद व्हायला हवा होता, कारण तोच भात वर्षभर मीही खाणार होते. नाही झाला. विहिरीवर बाया कळशा बाजूला ठेवून तिला विचारत बसायच्या आणि मी माझी कळशी भरून निघायचे. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात ते काही उगीच नाही. मी आधी आलेली, मी थोरली. मला कुणी मिठाचं प्रमाणसुद्धा विचारत नव्हतं.

सत्काराच्या सकाळी सासूबाईंनी पेटीतून त्यांची नथ काढून तिला दिली. माझ्या लग्नात ती नथ मला दाखवलीसुद्धा नव्हती. मी एसटीत तिच्या शेजारी बसले नाही.

महाडच्या हॉलात आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं. गावाचा कारभार बघणाऱ्या आमच्या गावकीची जाणती मंडळी पुढच्या खुर्च्यांवर, टोप्या घालून. एकेकाला स्टेजवर बोलावत होते. कापड्याचं नाव आलं तशी धाकटीने पदर सारखा केला आणि ती अर्धी उठली. माईकवरून नाव पुकारलं ते माझ्या नवऱ्याचं.

माझा नवरा! तो एमआयडीसीत पाळीला जाणारा माणूस. खोडकिडा त्याच्या ताटात येऊन बसला असता तरी ओळखला नसता. झालं होतं असं की खात्याने नाव मागितलं होतं गावकीकडे. आमची गावकी पालखीचा मान देताना माणूस बघत नाही, घर बघते, आणि घरात थोरला कोण ते बघते. तसंच त्यांनी हेही नाव दिलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, अजूनही वाटत नसेल. सहायकाचं तोंड मात्र उतरलं. तो काहीतरी सांगायला उठला, पण पुढून गावकीच्या टाळ्या सुरू झाल्या तसा खाली बसला. माईकवाला म्हणाला, ते आले नसतील तर त्यांच्या सौभाग्यवतींनी यावं.

धाकटी खाली बसली होती. मला वाटलं आता ही हॉल डोक्यावर घेणार. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. हळूच म्हणाली,

"जावा वयनी. तुमच्या पायांना चिखल नाय, स्टेज मळायचं नाय."

मी उठले. का उठू नये? आयत्या बिळावर नागोबा असं मागे कुणीतरी म्हणालं असेल. म्हणू दे. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, काचेत बसवलेलं मानपत्र मिळालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला ते आवडलं. मानपत्र ओटीवर टांगलं ते मीच, स्टुलावर चढून. धाकटीने नथ सासूबाईंच्या हातात ठेवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

श्रावणात तुडील गावच्या दोन बाया आल्या. पिशवीत भाताच्या रोपांचा उपटलेला झुबका, पिवळं पडलेलं चूड होतं. ओटीवर मानपत्राखालीच बसल्या. एकीने मला ओळखलं, म्हणाली, तुमालाच महाडला शाल घातली ना. माझी छाती फुगली. मी ते चूड घेतलं, उलटंसुलटं केलं आणि तुडतुडे असतील म्हणून सांगून टाकलं. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने चूड माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

"त्या नथवाल्या बाय अर्ध्या उठून खाली बसल्या होत्या, त्या कुठं असतात?"

मी मागच्या पडवीकडे बोट केलं. दोघी उठून गेल्या. थोड्या वेळाने तिकडून तिघींचं हसणं ऐकू आलं, मग धाकटीचं न थांबणारं बोलणं. तेवढ्यात हाक आली, महाडहून परतल्यानंतरची पहिलीच.

"वयनी, पाव्हण्या आल्यात. च्या टाका."

मी चहा टाकला, कपांत ओतला, आणि तिच्या पडवीत नेऊन दिला.